मिशिगन विधिमंडळाची प्रायमरी आणि तिचे उमेदवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सम वर्षी उन्हाळा जवळ आला की मिशिगनमधल्या मराठी कुटुंबांकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. आधी मूलभूत माहिती आहे आणि पुढे अपवाद व गुंतागुंतीच्या बाबी आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तारखा २०२६ च्या निवडणुकीच्या आहेत.

१. नोव्हेंबरमध्ये निवडणूक असतेच, मग ऑगस्टमध्ये मतदान कशासाठी?

नोव्हेंबरची लढत पक्षापक्षांत असते, तर ऑगस्टची लढत, म्हणजेच प्रायमरी, एकाच पक्षाचे तिकीट मागणाऱ्यांमध्ये असते. महाराष्ट्रात विधानसभेचे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, आणि पक्षाचा एबी फॉर्म अर्जाला जोडला की उमेदवार अधिकृत ठरतो. मिशिगनमध्ये असा फॉर्मच नाही. डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाचा विधिमंडळाचा उमेदवार कोण, हे सामान्य मतदार मत देऊन ठरवतात, आणि हे मतदान सरकारी यंत्रणा नेहमीच्याच मतदान केंद्रांवर घेते. ऑगस्टमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी ते होते. २०२६ मध्ये ही तारीख ४ ऑगस्ट आहे. त्यातले विजेते ३ नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत आमनेसामने येतात.

२. विधिमंडळात जागा किती, आणि त्या सगळ्या एकाच वेळी भरल्या जातात का?

राज्याची राजधानी लान्सिंग इथल्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात ११० जागा असून मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे या सर्व जागांची निवडणूक प्रत्येक सम वर्षी होते. सिनेटमध्ये ३८ जागा असून मुदत चार वर्षांची आहे, आणि त्या गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर एकाच वेळी भरल्या जातात. २०२६ मध्ये दोन्ही सभागृहांच्या सर्व जागा मतपत्रिकेवर आहेत. वॉशिंग्टनच्या काँग्रेसचे, म्हणजे देशाच्या संसदेचे, उमेदवारही त्याच मतपत्रिकेवर असतात आणि त्या सभागृहांची नावेही तीच आहेत, त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ उडतो. ‘राज्य’ हा शब्द असलेली ओळ लान्सिंगची, एवढे लक्षात ठेवावे.

३. भारतात जन्मलेल्या व्यक्तीला उमेदवार होता येते का?

होय. अमेरिकेचे नागरिकत्व, किमान २१ वर्षे वय आणि अर्ज भरण्याच्या अंतिम मुदतीपर्यंत त्याच मतदारसंघात मतदार म्हणून नोंदणी, एवढ्या मुख्य अटी आहेत. जन्माने नागरिक असण्याची अट राष्ट्राध्यक्षपदाला आहे, विधिमंडळाला नाही.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे आपल्या लोकांना सर्वात जवळचे वाटणारे उदाहरण आहे. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते तिसरे आले. २०२० मध्ये डेट्रॉइटमधल्या तिसऱ्या मतदारसंघाची प्रायमरी जिंकून ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले, आणि २०२२ मध्ये काँग्रेसवर निवडून आले. ट्रॉयच्या पद्मा कुप्पा २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. २०२२ मध्ये त्या सिनेटच्या नवव्या मतदारसंघात पक्षाच्या उमेदवार होत्या, मात्र नोव्हेंबरमध्ये थोडक्यात हरल्या. कँटनचे रंजीव पुरी २०२० मध्ये प्रतिनिधिगृहात पोहोचले आणि २०२५ पासून तिथल्या डेमोक्रॅटिक गटाचे नेते आहेत.

एक मर्यादा मात्र आहे. २०२२ च्या सार्वमताने झालेल्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही दोन्ही सभागृहे मिळून एकूण १२ वर्षेच विधिमंडळात काम करता येते. त्यापूर्वी ही मर्यादा प्रतिनिधिगृहासाठी सहा आणि सिनेटसाठी आठ वर्षांची होती.

४. उमेदवारी अर्ज भरायला काय लागते आणि खर्च किती येतो?

दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मतदारांच्या सह्या गोळा करण्याचा आहे: प्रतिनिधिगृहासाठी किमान २०० आणि जास्तीत जास्त ४००, सिनेटसाठी किमान ५०० आणि जास्तीत जास्त १,०००. दुसरा मार्ग १०० डॉलर भरण्याचा आहे. ही रक्कम आपल्याकडच्या अनामत रकमेसारखीच असते. महाराष्ट्रात एकूण वैध मतांचा एक षष्ठांश हिस्सा मिळाला नाही तर डिपॉझिट जप्त होते. मिशिगनमध्ये प्रायमरी जिंकणाऱ्याला आणि दुसऱ्या क्रमांकावर राहणाऱ्याला पैसे परत मिळतात, बाकीच्यांचे जातात.

मार्ग कोणताही घेतला तरी ओळखीचे प्रतिज्ञापत्र सोबत द्यावेच लागते. त्यात नाव, पत्ता, पद आणि पक्ष यांखेरीज, आधीच्या निवडणूक खर्चाची सर्व विवरणपत्रे सादर केली आहेत आणि उशिराचा दंड बाकी नाही, असे शपथेवर लिहून द्यायचे असते. हे विधान खोटे निघाले तर नाव मतपत्रिकेवर येत नाही. पूर्वी एखादी स्थानिक निवडणूक लढवून हिशेबाचे कागद तसेच ठेवून दिलेल्या माणसाने आधी ते निस्तरावे आणि मगच अर्जाला हात घालावा.

मतदारसंघ एकाच काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) बसत असेल तर अर्ज काउंटी क्लार्ककडे द्यायचा. अनेक काउंट्यांत पसरला असेल तर राज्याच्या निवडणूक विभागाकडे. प्रायमरीच्या आधीच्या पंधराव्या मंगळवारी दुपारी चार वाजता मुदत संपते. २०२६ मध्ये तो दिवस २१ एप्रिल आहे. अर्ज मागे घ्यायला त्यानंतर फक्त तीन दिवस मिळतात, म्हणजे २४ एप्रिलच्या दुपारी चारपर्यंत. पुढे उमेदवाराने जाहीरपणे माघार घेतली तरी छापलेले नाव मतपत्रिकेवर तसेच राहते.

५. ग्रंथालयाबाहेर कोणीतरी सहीसाठी कागद पुढे करते. सही करताना काय पाहावे?

कागदाच्या माथ्यावर उमेदवाराचे नाव, पत्ता, पक्ष, पद आणि मतदारसंघाचा क्रमांक भरलेला आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. माथा कोरा असेल तर सही करू नये. त्याखालच्या ओळींत सही, ठळक अक्षरांतले नाव, रस्त्यासह पत्ता, झिप कोड आणि तारीख असे रकाने असतात, आणि ते सहसा सही करणाऱ्याने स्वतः भरावेत. सर्वात खाली सह्या गोळा करणाऱ्याचे प्रमाणपत्र असते. ते त्याने पान भरून झाल्यावर, शेवटी सही करून पूर्ण करायचे असते, कारण त्याच्या तारखेनंतरची तारीख असलेली सही मोजली जात नाही. आपण सही करण्याआधीच खालचे प्रमाणपत्र भरलेले दिसले, तर ते लक्षात आणून द्यावे. उमेदवाराचेच नुकसान टळते.

सही करणारा नोंदणीकृत मतदार असावा लागतो. एका जागेसाठी एकाच उमेदवाराच्या कागदावर सही करावी. शेजारधर्म म्हणून एकाच तारखेला दोघांच्या कागदांवर सही केली, तर दोघांनाही तिचा उपयोग होत नाही; तारखा वेगळ्या असतील तर आधीची सही तेवढी मोजली जाते. सही केली म्हणून ऑगस्टमध्ये त्यालाच मत द्यायचे बंधन येत नाही.

६. सह्यांच्या घोळामुळे उमेदवारच बाद होतो, असे खरोखर घडते का?

घडते, आणि मोठमोठ्यांच्या बाबतीत घडले आहे. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीतले पाच उमेदवार याच कारणाने बाद झाले. त्यांत डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेगही होते. सह्या गोळा करणाऱ्या ३६ जणांनी बनावट कागद दिले आणि निरनिराळ्या उमेदवारांच्या कागदांत मिळून किमान ६८,००० सह्या अवैध आहेत, असा निष्कर्ष राज्याच्या निवडणूक विभागाने काढला. काही कागदांवर तर एकाच टोळक्याने आळीपाळीने ओळी भरल्याच्या खुणा होत्या. राज्याच्या मतमोजणी मंडळात दोन्ही पक्षांचे दोन-दोन सदस्य असतात. मंडळात मते समसमान पडली आणि उमेदवारांना मतपत्रिकेवर स्थान मिळाले नाही.

२०२४ मध्ये श्री ठाणेदार यांच्या विरोधात काँग्रेसच्या प्रायमरीत उतरलेले राज्याचे माजी सिनेटर अ‍ॅडम हॉलियर असेच बाहेर पडले: १,००० वैध सह्या हव्या होत्या, पण पडताळणीनंतर तेवढ्या उरल्या नाहीत. २०१४ मध्ये काँग्रेसचे ज्येष्ठ सदस्य जॉन कॉनियर्स यांनाही आधी बाद ठरवले होते, कारण त्यांच्या सह्या गोळा करणारे काही जण स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते. संघीय न्यायालयाने ती अट अमान्य करून त्यांचे नाव पुन्हा मतपत्रिकेवर आणले.

ही तिन्ही उदाहरणे विधिमंडळाबाहेरची आहेत. गव्हर्नर आणि काँग्रेसच्या उमेदवारांना शुल्काचा पर्याय नसतो, सह्याच आणाव्या लागतात. विधिमंडळाच्या उमेदवाराला तो पर्याय आहे (प्रश्न ४). माझे मत विचाराल तर पहिल्यांदा लढणाऱ्याने १०० डॉलर भरावेत, आणि सह्यांसाठी जे दरवाजे ठोठावले असते तेच ओळख करून घेण्यासाठी ठोठवावेत.

७. प्रायमरीत मत देण्यासाठी पक्षाचे सभासद व्हावे लागते का?

नाही. मिशिगनच्या मतदारनोंदणीत पक्षाचा रकानाच नाही. १८ वर्षे पूर्ण केलेल्या आणि आपल्या शहरात किंवा टाउनशिपमध्ये किमान ३० दिवस राहिलेल्या कोणत्याही नोंदणीकृत नागरिकाला ऑगस्टमध्ये मत देता येते. नोंदणी राहून गेली असेल तर मतदानाच्या दिवशीही शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्कच्या कार्यालयात जाऊन, रहिवासाचा पुरावा दाखवून ती करता येते. कारण न देता टपाली मत मागवता येते, आणि मुदतपूर्व प्रत्यक्ष मतदानासाठी किमान नऊ दिवस मिळतात.

८. मतपत्रिका नेमकी कशी दिसते? ‘मत बाद झाले’ असे दरवर्षी कोणीतरी सांगतेच.

एकाच मोठ्या कागदावर पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. डेमोक्रॅटिक रकान्यात त्या पक्षाचे तिकीट मागणारे, रिपब्लिकन रकान्यात त्यांचे. प्रत्येक रकान्यात गव्हर्नर, काँग्रेस, राज्य सिनेट, प्रतिनिधिगृह आणि काउंटीची पदे अशी वरून खाली उतरंड असते. प्रत्येक नावापुढे एक लंबगोल असतो आणि तो पूर्ण काळा करायचा असतो. बारकाईने पाहिले तर नावापुढे पत्ता किंवा व्यवसाय नसतो, आणि सध्याचा आमदार कोणता तेही लिहिलेले नसते. तसा उल्लेख न्यायाधीशपदांसाठीच असतो. नावांचा क्रम मतदान केंद्रागणिक फिरवला जातो, त्यामुळे ‘वरून दुसरे नाव’ असा निरोप मैत्रिणीला फोनवरून देऊ नये. तिच्या कागदावर दुसरे नाव वेगळेच असू शकते.

नियम असा आहे की पक्षीय पदांसाठी एकाच रकान्यात मते द्यायची. गव्हर्नरसाठी डावीकडच्या आणि आमदारासाठी उजवीकडच्या रकान्यात खूण केली, तर पक्षीय भागातली सर्व मते बाद होतात. कागदाच्या खालच्या भागातली पक्षविरहित पदे आणि प्रस्ताव यांवरची मते मात्र मोजली जातात. केंद्रावरचे यंत्र अशी चूक पकडते आणि नवा कागद घेण्याची संधी मिळते. टपाली मतदाराला ती सूचना मिळत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर बसून मत देणाऱ्यांनी आधी रकाना निश्चित करावा आणि मगच पेन उचलावे.

९. मी कोणत्या पक्षाच्या रकान्यात मत दिले हे कोणाला कळते का?

ऑगस्टच्या प्रायमरीत कळत नाही. दोन्ही रकाने एकाच कागदावर असतात आणि निवड गुप्त राहते. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीचा नियम वेगळा आहे: तिथे कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी हे लेखी मागावे लागते आणि त्या निवडीची नोंद राहते. २०२४ च्या फेब्रुवारीत तो फॉर्म भरलेल्या अनेकांनी ‘आता आम्ही त्या पक्षाचे झालो का’ असे विचारले होते. नाही; ऑगस्टमध्ये कोणताही रकाना निवडता येतो.

१०. आमच्या मतदारसंघात नोव्हेंबरचा निकाल ठरलेलाच असतो. मग ऑगस्टमध्ये जाऊन काय फरक पडणार?

सर्वात जास्त फरक अशाच मतदारसंघांत पडतो. डेट्रॉइट शहरातल्या बहुतेक जागांवर डेमोक्रॅटिक तिकीट मिळाले की नोव्हेंबर ही औपचारिकता उरते. राज्याच्या ग्रामीण भागातल्या कित्येक जागांवर रिपब्लिकन तिकिटाचे तसेच आहे. अशा ठिकाणी आमदार ऑगस्टमध्येच निवडला जातो, आणि तो निवडणारे मतदार फार थोडे असतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये सुमारे २५ लाख मते पडली आणि ती विक्रमी गणली गेली; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ५५ लाख लोकांनी मत दिले.

एका प्रतिनिधी-मतदारसंघात साधारण ९१,६०० लोक राहतात. त्यातले प्रायमरीत मत देणारे, त्यातही एका पक्षाच्या रकान्यात मत देणारे, आणि मग ती मते चार-पाच उमेदवारांत वाटली गेलेली, असा हिशेब मांडला की एखाद्या सोसायटीतली पंचवीस-तीस घरे किती वजन राखून आहेत ते दिसते. नोव्हेंबरमध्ये रांगा लावणारे आपले लोक ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन भारतात गेलेले असतात, याची मला मनापासून खंत वाटते. जाण्यापूर्वी टपाली मतपत्रिका मागवून भरून देता येते. राज्याच्या मतदार माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर आपला मतदारसंघ, नमुना मतपत्रिका आणि टपाली मताची स्थिती, तिन्ही पाहता येतात.

११. पाच-सहा उमेदवार असतील तर जिंकायला किती टक्के मते लागतात?

इतरांपेक्षा एक मत जास्त मिळाले की पुरते. निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट मिशिगनमध्ये नाही आणि दुसरी फेरीही नाही. २०२२ मध्ये श्री ठाणेदार यांनी काँग्रेसच्या १३ व्या मतदारसंघाची गर्दीची प्रायमरी सुमारे २८ टक्के मतांवर जिंकली, म्हणजे दहातल्या सात मतदारांची पसंती दुसऱ्या कोणाला तरी होती. विधिमंडळाच्या प्रायमरीतही हेच गणित चालते. म्हणूनच उमेदवारांची यादी पक्की झाल्यावर कोण कोणाची मते खाणार याची चर्चा सुरू होते, आणि एकाच परिसरातले दोन उमेदवार उभे राहिले तर त्यांचे समर्थक अस्वस्थ होतात.

१२. पक्षाला नको असलेला माणूस प्रायमरीत उतरला तर पक्ष त्याला रोखू शकतो का?

कायद्याने नाही. अर्ज वैध असेल तर पक्षाचे नाव लावून लढण्याचा हक्क त्याला आहे. पक्षाचे नेते दुसऱ्याला पाठिंबा देऊ शकतात, पैसा आणि कार्यकर्ते दुसरीकडे वळवू शकतात, पण नाव काढू शकत नाहीत.

२०२२ च्या मार्चमध्ये ७४ व्या प्रतिनिधी-मतदारसंघात पोटनिवडणुकीची प्रायमरी झाली. ग्रँड रॅपिड्स परिसरातली ही जागा रिपब्लिकनांना सोपी मानली जात होती. रॉबर्ट रीगन यांनी ती प्रायमरी अगदी थोड्या मतांनी जिंकली. त्यानंतर बलात्काराविषयीच्या त्यांच्या वक्तव्यावरून गदारोळ झाला आणि स्वपक्षाच्या नेत्यांनीही त्यांच्याकडे पाठ फिरवली, पण उमेदवार बदलणे पक्षाच्या हातात नव्हते. मे महिन्यात डेमोक्रॅटिक उमेदवार कॅरल ग्लॅनव्हिल जिंकल्या.

पक्षाचा घरगुती मामला सरकारने का चालवावा, असेही विचारले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमेदवार बंद खोल्यांत ठरत. त्याविरुद्ध विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी चळवळ केली आणि १९०३ मध्ये तिथे राज्यव्यापी प्रायमरीचा कायदा झाला. पुढे टेक्सासमध्ये ‘प्रायमरी ही खासगी संस्थेची बाब आहे’ या सबबीखाली कृष्णवर्णीय मतदारांना दूर ठेवले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. या इतिहासामुळे पक्षांचा हात बांधलेला आहे, आणि एखाद्या रीगन प्रकरणाची किंमत मोजूनही तो तसाच राहिला पाहिजे असे मला वाटते.

१३. प्रायमरी हरलेला उमेदवार बंडखोरी करून अपक्ष उभा राहू शकतो का?

नाही. प्रायमरीत एका पक्षाच्या रकान्यात नाव छापले गेले, की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पक्षातर्फे लढता येत नाही. अपक्षांचा मार्गही तसाच बंद आहे, कारण अपक्षांचे सह्यांचे कागद देण्याची मुदत जुलैमध्ये, म्हणजे प्रायमरीचा निकाल लागण्यापूर्वीच संपते.

हा कायदा किती काटेकोर आहे हे २०१२ मध्ये दिसले. न्यू मेक्सिकोचे माजी गव्हर्नर गॅरी जॉन्सन यांचे नाव मिशिगनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीत होते. ते मागे घेण्याची मुदत दुपारी चारची होती आणि त्यांचे शपथपत्र चार वाजून तीन मिनिटांनी पोहोचले. त्या तीन मिनिटांपायी नोव्हेंबरमध्ये लिबर्टेरियन पक्षातर्फे त्यांचे नाव मिशिगनच्या मतपत्रिकेवर येऊ शकले नाही.

१४. यादीत नसलेल्या माणसाचे नाव लिहून मत देता येते का?

येते, मात्र त्याने निवडणुकीच्या आधीच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत आपला इरादा लेखी कळवलेला असावा लागतो. तसे नसेल तर ते मत मोजले जात नाही. मतदाराने कोऱ्या ओळीवर नाव लिहून शेजारचा लंबगोलही काळा करायचा असतो. अशा पद्धतीने जिंकणे फार अवघड आहे. जेम्स क्रेग (प्रश्न ६) यांनी बाद झाल्यावर हाच मार्ग धरला आणि ते हरले. २०१२ मध्ये काँग्रेसच्या एका जागेवर माजी सिनेटर नॅन्सी कॅसिस यांनीही असेच लढून पाहिले. विजय मात्र छापील नाव असलेल्या केरी बेंटिव्होलिओ यांचा झाला.

१५. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. ओळखीच्या उमेदवाराला देणगी दिली तर चालेल का?

चालणार नाही. संघराज्याच्या कायद्यानुसार परदेशी नागरिकाला संघीय, राज्य किंवा स्थानिक अशा कोणत्याही निवडणुकीत देणगी देता येत नाही किंवा खर्च करता येत नाही. रक्कम पंचवीस डॉलर असली तरी नियम तोच. ग्रीन कार्डधारकाला मात्र देणगी देता येते, पण मत देता येत नाही. पत्नीकडे ग्रीन कार्ड आणि पतीकडे व्हिसा असेल, तर देणगी पत्नीने स्वतःच्या पैशातून आणि स्वतःच्या नावाने द्यावी. दुसऱ्याच्या नावाने पैसे देणे हा वेगळा गुन्हा आहे.

व्हिसाधारकाला मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून काम करता येते: फोन करणे, पत्रके वाटणे, सभेत खुर्च्या मांडणे. प्रचाराचा पैसा कुठे खर्च करायचा या निर्णयात मात्र सहभागी होऊ नये. आणि नागरिक नसताना मतदारनोंदणीचा फॉर्म चुकूनही भरू नये. वाहन परवान्याच्या कार्यालयात विचारले तर स्पष्ट नकार द्यावा, कारण त्याचा परिणाम थेट इथल्या वास्तव्यावर होऊ शकतो.

नागरिकांसाठी रकमेची कमाल मर्यादा आहे. २०१३ च्या कायद्याने ती प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारासाठी १,००० आणि सिनेटसाठी २,००० डॉलर केली, आणि नंतर ती महागाईनुसार वाढत गेली आहे. कंपनीच्या खात्यातून उमेदवाराला धनादेश देऊ नये. कॉर्पोरेशनने उमेदवाराला थेट देणगी देण्यास मिशिगनमध्ये मनाई आहे.

१६. मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा सहलीत उमेदवाराला बोलावले तर चालते का?

मंडळ ५०१(सी)(३) वर्गातली करमुक्त संस्था असेल, तर त्याला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करता येत नाही. उमेदवारांना बोलवायचे असेल तर त्या जागेसाठीच्या सर्वांना सारखी संधी द्यावी आणि व्यासपीठावरून कोणाच्याही बाजूने आवाहन करू नये. मंडळाच्या ईमेल यादीवरून ‘आपल्या माणसाला मत द्या’ असा निरोप पाठवणे हे हमखास अंगाशी येणारे काम आहे. सभासदांनी वैयक्तिकरीत्या, स्वतःच्या घरी कार्यक्रम ठेवला तर मंडळाचा संबंध येत नाही. देणगीचे नियम मात्र तिथेही लागू असतात (प्रश्न १५).

१७. मध्येच जागा रिकामी झाली तर प्रायमरी होते का?

होते. गव्हर्नर पोटनिवडणुकीच्या तारखा ठरवतात आणि तिचीही प्रायमरी व सार्वत्रिक अशी दोन मतदाने होतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दोन डेमोक्रॅटिक प्रतिनिधी महापौर म्हणून निवडून आले आणि सभागृह ५४-५४ असे बरोबरीत आले; १३ व्या आणि २५ व्या मतदारसंघांची प्रायमरी २०२४ च्या जानेवारीत आणि अंतिम मतदान एप्रिलमध्ये झाले. तारीख लवकर ठरवण्याचे बंधन नसल्याने जागा बराच काळ रिकामी राहू शकते. सिनेटच्या ३५ व्या मतदारसंघाच्या सदस्य २०२५ च्या जानेवारीत काँग्रेसमध्ये गेल्या, आणि तिथल्या पोटनिवडणुकीसाठी ३ फेब्रुवारी २०२६ ची प्रायमरी व ५ मे २०२६ चे अंतिम मतदान ठरले. बे सिटी, मिडलंड आणि सॅगिनॉच्या लोकांना वर्षभराहून अधिक काळ सिनेटर नव्हता. ही पद्धत बदलली पाहिजे.

१८. मागच्या वेळी वेगळाच उमेदवार होता. आमचा मतदारसंघ बदलला का?

डेट्रॉइट आणि त्याच्या आसपास राहत असाल तर शक्य आहे. २०१८ च्या सार्वमतानंतर मतदारसंघ आखण्याचे काम विधिमंडळाकडून काढून १३ नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिले गेले: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कोणत्याही पक्षाशी संलग्न नसलेले. आयोगाने आखलेले डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ संघीय न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये रद्द केले, कारण सीमा आखताना वंशाला अवाजवी प्राधान्य दिल्याचे न्यायालयाला आढळले. प्रतिनिधिगृहाच्या नव्या सीमा २०२४ मध्ये लागू झाल्या; सिनेटच्या नव्या सीमा २०२६ साठी आहेत. घर तेच असूनही मतदारसंघाचा क्रमांक आणि उमेदवार बदललेले असू शकतात, म्हणून नमुना मतपत्रिका पाहूनच खात्री करावी (प्रश्न १०).

१९. दोन उमेदवारांना समसमान मते पडली तर?

चिठ्ठ्या टाकून निकाल लावला जातो. पराभूत उमेदवार फेरमोजणी मागू शकतो, पण त्यासाठी त्याने स्वतः अर्ज करून रक्कम भरावी लागते.

२०. माझी बहीण न्यू जर्सीत आणि भाऊ कॅलिफोर्नियात आहे. हे नियम त्यांना लागू आहेत का?

नाहीत. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. न्यू जर्सीत विधिमंडळाच्या निवडणुका विषम वर्षी होतात आणि प्रायमरी जूनमध्ये असते. तिथे पक्षनोंदणी आहे. कोणत्याही पक्षात नसलेल्या मतदाराला प्रायमरीच्या दिवशी पक्ष निवडता येतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचे असेल तर ते बरेच आधी करावे लागते. तिथे वर्षानुवर्षे काउंटीच्या पक्षसंघटनेने पाठिंबा दिलेल्या उमेदवारांची नावे एका ओळीत छापण्याची प्रथा होती आणि इतरांना तिचा मोठा फटका बसे. २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती तिला स्थगिती दिली आणि २०२५ च्या प्रायमरीपूर्वी मतपत्रिकेची मांडणी कायद्यानेच बदलली.

कॅलिफोर्नियात २०१० च्या सार्वमतापासून सर्व पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोन नोव्हेंबरमध्ये लढतात, मग ते दोघे एकाच पक्षाचे का असेनात. टेक्सास आणि जॉर्जियात कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. नेब्रास्काच्या विधिमंडळाला एकच सभागृह आणि ४९ जागा आहेत, आणि तिथल्या उमेदवारांच्या नावापुढे पक्षच छापला जात नाही. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्कमध्ये प्रायमरीचे मत फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांना देता येते, आणि न्यू यॉर्कमध्ये पक्ष बदलण्याची मुदत प्रायमरीच्या कितीतरी आधी, फेब्रुवारीच्या मध्यालाच संपते. बहिणीने आणि भावाने आपापल्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून तारखा घ्याव्यात. मिशिगनच्या तारखा त्यांना पाठवू नयेत.